कोडकौतुक

शाळेत मला सगळे 'बाही' म्हणतात, आणि त्यामुळे कलेच्या तासाला रोज घोटाळा होतो. मागच्या बाकावरून कोणी "ए बाही, पट्टी दे" म्हणालं की फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई गर्रकन वळतात. "काय रे, मला अरेतुरे?" "तुम्हाला नाही बाई, बाहीला." मग वर्ग हसतो, बाई हसतात, आणि पट्टी कुणालाच मिळत नाही.

बाही हे नाव पडलं कारण मी तिसरीपासून पूर्ण बाह्यांचेच कपडे घालते. भर उन्हाळ्यातही. माझ्या डाव्या हातावर बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत कोड आहे. हा शब्द मी आत्ता सरळ लिहून टाकला, पण आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही. आई 'ते' म्हणते. बाबा 'तुझं ते त्वचेचं' म्हणतात. आत्या फोनवर आवाज खाली आणून "वाढलं का गं?" एवढंच विचारते, जणू घरात न बोलावलेला पाहुणा मुक्कामाला आलाय आणि त्याला ऐकू जाता कामा नये. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय की ते दुखत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. माझ्या हातावर औषधानं ते फारसं हललंही नाही. चांगलं ठाण मांडून बसलंय.

माझी आई ब्युटीपार्लर चालवते. आमच्या घराच्या खालच्याच मजल्यावर, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, केस धुवायचं एक बेसिन. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती मला तिथे बसवते, दोन ट्यूबमधला रंग स्वतःच्या मनगटावर कालवते आणि बाहीच्या बाहेर जेवढा हात राहतो तेवढा रंगवते. तिचं काम इतकं चोख की वर्गातल्या अर्ध्या लोकांना माझ्या हाताला काही आहे हेच माहीत नव्हतं. मला थंडी जास्त वाजते असा त्यांचा समज.

तर गोष्ट अशी झाली. कलेच्या बाईंनी एकदा पडद्यावर एका कलाकाराचे फोटो दाखवले. ही कलाकार बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची माणसं घेते आणि ती रोजच्या वस्तूंमध्ये उभी करते. पावाच्या स्लाइसवर गादी समजून झोपलेलं कुटुंब. कंगव्याच्या दातांना कुंपण समजून रंग देणारा रंगारी. फ्लॉवरच्या जंगलात हरवलेला टपालवाला. आधी हसू येतं, मग माणूस बघतच राहतो. सगळा वर्ग वेडा झाला. तिघा-तिघांचे गट करून प्रत्येकानं असा एक देखावा मांडायचा, फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर तो साफ करायचा, आणि त्यातले निवडक फोटो गावच्या ग्रंथालयात मोठे छापून लावायचे, असं ठरलं.

बाईंचे नियम दोन. पहिला, फोटो मुंगीच्या डोळ्यानं काढायचा, म्हणजे कॅमेरा त्या इवल्या माणसाच्या उंचीवर आणायचा, वरून बघायचं नाही. दुसरा, साफ करताना आधार पुसायचा, जागा पुसायची नाही. आधार म्हणजे माणसं उभी राहावीत म्हणून त्यांच्या पायाखाली लावलेली निळी चिकट माती, दोरा, कुणाचं मध्येच आलेलं बोट, धूळ. जागा म्हणजे जिथे ती माणसं आहेत ते. "जागा पुसलीत तर माणसं अधांतरी लटकतील," बाई म्हणाल्या.

आमच्या गटात मी, चिमटा आणि बोका. चिमटा ही माझी मैत्रीण, वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत स्थिर हातांची. पेराएवढी माणसं ती चिमट्यानं उचलते तेव्हा श्वास घेत नाही. बोका खुर्चीत मुटकुळं करून बसतो, डोळे अर्धे मिटलेले, जगाशी देणंघेणं नाही. पण हाताखाली माऊस आला की संपलं. कॉम्प्युटरमध्ये एक ब्रश असतो, डागावरून फिरवला की तो आजूबाजूचा रंग उचलून डाग बुजवून टाकतो. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. "तिथे डॉक्टर फिरव" म्हटलं की बोका झडप घालतो.

आमच्या वाट्याला आलेली माणसं होती बर्फावरून घसरणारी. लोकरीच्या टोप्या, हातात काठ्या, पायांना लांब पट्ट्या. आता बर्फ कुठून आणायचा? मीठ घेतलं तर जवळून दगडाची खाण दिसली. कापूस घेतला तर प्रत्येक तंतू दोरखंडासारखा. साबणाचा फेस केला तर सगळी माणसं बुडाली आणि चिमट्याला शोधपथक होऊन आत शिरावं लागलं. शेवटी पीठ आणलं. पीठ छान दिसत होतं, पण चिमट्याला शिंक आली आणि वादळ झालं. सगळं माझ्या अंगावर.

मी वर्गातल्या नळावर गेले. बाही पिठानं माखली होती म्हणून ती वर सारली आणि हात रंगासकट धुतला, काही विचार न करता, घरी धुते तसा. वळले तर चिमटा टॉवेल घेऊन मागे उभी.

ती माझ्या हाताकडे बघत होती. मला लोकांचं बघणं पाठ आहे. आधी हातावर नजर येते, मग पटकन भिंतीवर जाते, मग चेहऱ्यावर येऊन जरा जास्तच गोड होते. चिमट्याची नजर भिंतीवर गेलीच नाही. ती वाकली, एक डोळा मिटला आणि माझ्या मनगटाच्या उंचीला आली. मुंगीच्या डोळ्यानं.

"अगं ए," ती म्हणाली, "तुझ्याकडे घरचा बर्फ असताना आपण बाजारात का हिंडतोय?"

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, पण तो आलाच नाही. उलट मीही वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा हात बाजूनं बघितला. वरून बघितलं तर डाग दिसतात. बाजूनं बघितलं तर उतार दिसतो. तपकिरी डोंगर, त्यावर पांढरं पठार, आणि दोन्हींच्या मधली ती नागमोडी कड, जिथे बर्फ संपतो आणि माती सुरू होते. पांढऱ्या भागावरची लवही पांढरी आहे, हे मला माहीतच नव्हतं. गवतावर दव गोठावं तशी.

"हलू नकोस," चिमटा म्हणाली.

"हलत नाहीये."

"हसतेयस. पर्वत हसत नाहीत."

तिनं कोपराजवळ, चढावर, एक माणूस ठेवला. मधल्या उतारावर दोन. मनगटाच्या हाडापाशी, जिथे छोटा उंचवटा आहे, तिथे एक बाई, काठ्या वर धरून उडी मारताना. आणि अगदी कडेला, जिथे पांढरं संपतं, एक माणूस नुसता उभा, आता पुढे कसं जायचं असा विचार करत. दिवा तिरका लावला. फोटो निघाला तेव्हा आम्ही दोघी तो बघायला एकदमच वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं.

मी त्या दिवशी बाही खाली केली नाही. तशीच घरापर्यंत चालत गेले. दारात मात्र केली. खोटं कशाला बोला.

फोटो साफ करायला बोक्याकडे गेला. तो त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं घरी बसून काम केलं आणि फोटो थेट शाळेच्या ग्रुपवर टाकला. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, कारण मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तो फोटो मोठ्या पडद्यावर लावून उभ्या होत्या.

हात होता. माणसं होती. टोप्या, काठ्या, उडी मारणारी बाई, सगळं जागच्या जागी. आणि बर्फ नव्हता. बोटांपासून कोपरापर्यंत एकसारखा, गुळगुळीत, तपकिरी हात.

"बर्फ वितळल्यावर," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी फोटोला नावसुद्धा देऊन टाकलं होतं. "केवढा खोल विचार केलाय या मुलांनी. पृथ्वी तापतेय, बर्फ नाहीसा झालाय, उरलीय उघडी माती, पण माणूस अजून घसरतोच आहे. ग्रंथालयात शिरल्याबरोबर समोर हाच फोटो लागेल."

टाळ्या पडल्या. आम्हा तिघांना उभं केलं. खरं सांगते, पहिल्या दोन टाळ्या मला आवडल्या. माझ्यासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मग मला दिसलं की त्या टाळ्या माझ्या हातासाठी नाहीत. तो हात कुणाचा होता कोण जाणे.

मधल्या सुट्टीत मी बोक्याला जिन्याखाली गाठलं.

"बर्फ कुठे गेला?"

"कुठला बर्फ?" त्याचा गाल अजून सुजलेला होता. "मीठ-बीठ काही नव्हतं त्यात."

"माझ्या हातावरचा."

त्याचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. "अच्छा. ते. ते मी डॉक्टर फिरवून... म्हणजे मला वाटलं, तू स्वतः सांगणार नाहीस, पण तुला हवं असेल. तू नेहमी झाकतेस ना. मित्रांनी न सांगता करायच्या काही गोष्टी असतात."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"चौथीपासून. तुझा रंग घामानं बाहीच्या काठाला लागतो." तो पायाकडे बघत म्हणाला. "दोन तास लागले गं मला. ती कड जातच नव्हती."

"बोक्या, पाच माणसं लोकरीच्या टोप्या घालून मातीवरून घसरतायत. तुला एकदाही वाटलं नाही की ही मूर्खासारखी तिथे काय करतायत?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, कला आहे. कलेत चालतं."

चिमट्यानं त्याला चिमटा काढला. मग आम्ही त्याला मूळ फोटो पुन्हा दाखवला. तो एक डोळा मिटून वाकला आणि हळूच म्हणाला, "अरे, मी तर आख्खा डोंगर खाल्ला."

मी घरी पोचले तेव्हा आईला शाळेचा निरोप केव्हाच मिळाला होता. पार्लरमध्ये एका खुर्चीत एक काकू बसल्या होत्या, नेहमीच्या, चेहऱ्यावर हिरवा लेप वाळत आलेला. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर भेगा पडतात, अशी त्यांना तंबी होती. आई फोन दोन बोटांनी मोठा करून करून बघत होती. तिचे डोळे भरलेले.

"हा तुझाच हात ना?" ती म्हणाली. "बघ ना. किती सुंदर आहे."

ती हे इतक्या प्रेमानं म्हणाली की मला दारातच बसावंसं वाटलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्या हाताला सुंदर म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते बोक्याच्या हाताला.

"आई, तो खोटा आहे. खरा फोटो वेगळाच आहे आणि मला तो लावायचाय."

मी तिला मूळ फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला नाही. फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"वर जा. घरी बोलू. गिऱ्हाईक बसलंय."

मी वर गेले नाही. बेसिनपाशी गेले, बाही कोपराच्या वर चढवली आणि नळ सोडला. तिनं सकाळी लावलेला रंग पाण्यातून तपकिरी रेघ होऊन वाहायला लागला.

"पाणी बंद कर. कोणी येईल."

"आलेलंच आहे की," मी काकूंकडे बघून म्हणाले.

"माझे डोळे मिटलेले आहेत," काकू दात न उघडता म्हणाल्या. एक डोळा सताड उघडा होता.

आईनं स्वतः नळ बंद केला. "तुला वाटतं मी लोकांना घाबरते. लोक काय म्हणतील याची मला कल्पना करावी लागत नाही, बाळा. लोक याच खुर्चीत बसून म्हणतात. एकीनं मला तोंडावर विचारलं, तुमच्या मुलीला आहे ते तुमच्या हातांनी आमच्या चेहऱ्यावर नाही ना येणार? मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मान डोलावली आणि गेली ती गेलीच."

"बरं झालं गेली."

"तुझं ठीक आहे. तू तिसरीत रडत आलीस, आठवतं? खेळताना तुझा हात धरायला कोणी तयार नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रंग कालवला. दुसऱ्या दिवशी धरला की नाही त्यांनी तुझा हात?"

"माझा नाही धरला, आई. तुझ्या रंगाचा धरला."

हे मी ठरवून बोलले नव्हते. निघून गेलं. आईनं टॉवेल उचलला, माझा हात पुसायला घेतला आणि मध्येच थांबली, जणू कुठून कुठपर्यंत पुसायचं ते विसरली.

"मी हो म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "कोणीही विचारलं तरी."

काकूंच्या लेपाला कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोठ्या बाईंच्या खोलीत. कलेच्या बाई खिडकीपाशी उभ्या. मोठ्या बाईंच्या टेबलावर दोन्ही फोटो, शेजारी शेजारी. त्यांचा आवाज आत्यासारखाच खाली आला होता.

"हे बघ बेटा, आम्ही तुझ्या भल्याचंच बघतो. हा खासगी विषय आहे. असा चारचौघांत मांडायचा नसतो."

"हात माझा आहे, मोठ्या बाई. मी तो खासगीत वापरत नाही. लिहिते, जेवते, तुम्हाला नमस्कार करते, सगळं चारचौघांतच."

कलेच्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि हे नाव?" मोठ्या बाईंनी मूळ फोटोखाली आम्ही लिहिलेला शब्द वाचला. वाचला म्हणजे अर्धाच वाचला. "कोड... असा शब्द कोणी भिंतीवर लावतं का?"

"पूर्ण वाचा ना. कोडकौतुक. लाडकोड चालतात, मुलांचे कोड पुरवलेले चालतात, मग माझ्यावर आल्यावरच शब्द वाईट कसा होतो? आजवर माझ्या वाट्याला नुसतं कोड आलं. कौतुक मी मागून घेतेय."

चिमट्यानं मागून माझ्या पाठीवर बोट टेकवलं. ते पुरे म्हणत होतं की अजून, ते कळलं नाही. मी अजून धरलं.

"बाईंनाच विचारा," मी म्हणाले. "नियम त्यांचा आहे."

बाई वळल्या. त्यांनी मला नाही, बोक्याला विचारलं. "तू जे पुसलंस ते आधार होतं की जागा?"

बोका टेबलावरच्या दोन्ही फोटोंवर वाकला. मग म्हणाला, "जागा. म्हणूनच जात नव्हती."

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्या आईनं हो म्हटलं तर लावू." फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईचा आवाज आला, मागे केस वाळवायच्या यंत्राचा घोंगाट. मोठ्या बाईंनी सगळं सांगितलं. यंत्र बंद झालं. मग आई म्हणाली, "नाही. तो नको. पहिलाच लावा."

कायदा त्यांच्या बाजूला होता, मी अजून सज्ञान नाही. पण तोंड माझं होतं.

"मग पहिलाही नको," मी म्हणाले. "खोट्या हाताला परवानगी माझी लागेल ना? मी देत नाही."

"तो तुमच्या तिघांचा आहे. एकटीनं नाही म्हणून कसं चालेल?"

"माझंही नाही," चिमटा म्हणाली. ती उभी होतीच, पण आणखी उभी राहिली.

सगळ्यांनी बोक्याकडे बघितलं. त्याचं आजवर काही निवडलं गेलं नव्हतं. दोन तास खपून त्यानं ती कड बुजवली होती आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानं डोळे अर्धे मिटले. "फाइल गेली," तो म्हणाला.

"कुठे गेली?"

"मी घालवली. सकाळी."

"अरे, माझ्या फोनवर आहे ना."

"ती लहान आहे, मोठ्या बाई. ती मोठी छापलीत तर हातावर पायऱ्या पायऱ्या दिसतील. लोक म्हणतील, हिला हे कसलं झालंय."

मोठ्या बाईंनी आम्हाला खोलीबाहेर काढलं.

प्रदर्शनाच्या दिवशी ग्रंथालयात शिरल्याबरोबर समोरची भिंत मोकळी होती. दुसऱ्या गटाचा फोटो तिथे आणायला वेळच उरला नव्हता. नाव मात्र आधीच छापून भिंतीवर चिकटवलेलं, निघता निघेना. 'बर्फ वितळल्यावर', आणि खाली नुसती भिंत. लोक येत, भिंतीकडे बघत, नाव वाचत, आणि गंभीरपणे मान हलवत. एका आजोबांनी तर चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

आम्ही त्या भिंतीखाली टेबल लावलं. कलेच्या बाई दिवा घेऊन आल्या, तो तिरका ठेवला, आणि म्हणाल्या, "मी आता चहा प्यायला जातेय. मला चहाला फार वेळ लागतो." मी खुर्चीत बसले, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हात टेबलावर ठेवला. आदल्या दिवशीच मी आईला सांगितलं होतं की आता सकाळी रंग नको, आणि तिनं दोन्ही ट्यूब खणात टाकल्या होत्या. चिमट्यानं श्वास रोखला आणि एकेक माणूस उभं करायला लागली. बोक्यानं एका कागदावर 'कोडकौतुक' लिहून छापील नावावर चिकटवलं. जरा तिरकं लागलं.

हलायचं नव्हतं. एवढी गोष्ट सोपी नाही, करून बघा. नाकाला खाज येते, पाय झोपतो, आणि डोकं वळवता येत नाही म्हणून कोण आलं ते फक्त पायांवरून ओळखायचं. आधी एक लहान मुलगी आली. तिला वाकावंच लागलं नाही, तिचे डोळे टेबलाच्याच उंचीवर होते. "आई, बर्फ," ती म्हणाली. मग तिची आई वाकली. मग आजोबा वाकले. थोड्या वेळानं माझ्यासमोर वाकलेल्या माणसांची रांग होती, एक डोळा मिटून, मुंगी होऊन. बोका सांगत होता, "वरून बघू नका, वरून काही कळत नाही. खाली या."

मग काळे बूट आले, तेही रागानं. मोठ्या बाई.

"हे काय चाललंय?"

"फोटो लावायला परवानगी लागते, मोठ्या बाई," मी ओठ फारसे न हलवता म्हणाले. "हात टेबलावर ठेवायलाही लागते का?"

बूट आणखी जवळ आले. रांगेतल्या कोणीतरी त्यांना म्हटलं, "ताई, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय." त्या बाजूला झाल्या.

आणि मग मला आईच्या चपला दिसल्या. ती येणार हे मला माहीत होतं, कारण तिनं पहिला फोटो पाहून चार गिऱ्हाइकांना निमंत्रण देऊन ठेवलं होतं, आणि नंतर नको येऊ सांगायची तिला लाज वाटली होती. तिच्या शेजारी आणखी चपला. त्या हिरव्या लेपाच्या काकू.

चपला जागच्या जागी थांबल्या. मनगटावरची उडी मारणारी बाई थरथरायला लागली.

माझ्यासमोर वाकलेल्या एका माणसानं मान वर करून विचारलं, "हे रंगवलंय का?"

मी उत्तर देणार होते. पण काकूंनी मोठ्यानं आईला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही तुमचीच ना हो मुलगी?"

मला आईचा चेहरा दिसत नव्हता आणि मला तो बघायचा होता, जगात त्या क्षणी दुसरं काहीच बघायचं नव्हतं. पण मी वळले असते तर पाचही माणसं पडली असती. मी वळले नाही. काहीही आलं तरी मी तिथेच बसणार होते.

"रंगवलेलं नाही," आईचा आवाज त्या माणसाकडे गेला. "रंगवायची मी. हे तिचं आहे." मग काकूंकडे, "हो. माझीच."

चपला टेबलापाशी आल्या. आई वाकली नाही, सरळ गुडघ्यांवर बसली, आणि तिचा चेहरा माझ्या मनगटापलीकडे, बर्फाच्या कडेला, उगवला. काजळ पसरलेलं. ती पठाराकडे बघत राहिली, रोज सकाळी जे झाकलं ते, बाजूनं.

"मला अजून हे आवडलेलं नाही," ती फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली.

"नको आवडू."

"उद्या दोन गिऱ्हाइकं कमी होतील."

"तिसरी इथे रांगेत उभी आहे," मागून काकू म्हणाल्या, "आणि तिला अजून काही दिसलेलं नाही. उठा की आता."

मला हसू फुटलं. हात हलला, कोपराजवळचा माणूस गडगडत खाली आला, त्यानं मधल्या दोघांना नेलं आणि तिघंही टेबलावर पालथे.

"पर्वतानं हसायचं नसतं," चिमटा करवादली.

आईनं त्यातला एक नखानं उचलला, हातात फिरवला, आणि माझ्या हाताजवळ आणून थांबली.

"कुठे होता हा?"

"वर," मी म्हणाले. "आणखी वर. पांढऱ्यात."